नासक्या दुधाच्या फिर्यादी

किस्से कुणी जमवायला जात नाही हो, ते आपोआप साचतात. जालन्याच्या कोर्टातली आमची वकीलखोली म्हणजे एक लांबट खोली, डगमगणारं टेबल, दोन बाकं आणि खिडकीबाहेर लिंबाचं झाड. साक्षीदार यायला उशीर, साहेब यायला उशीर, पुकारा व्हायला उशीर. मग एकानं सांगितला की दुसऱ्याला आठवतो, दुसऱ्याचा संपायच्या आत तिसरा घसा खाकरतो. जिंकलेल्या केसेस माणूस विसरतो. हरलेल्या मात्र किस्से होऊन डोक्यात बसतात आणि काही केल्या उठत नाहीत.

ते दिवस निजामाचे. फिर्यादी मराठीत रडायचा, मुन्शी ते रडणं उर्दूत लिहायचा आणि साहेब ते वाचून विचारायचे, "इसमें रोने की क्या बात है?"

आमच्या खोलीतले सीनियर म्हणजे नाना वकील. मी त्यांचा जुनियर. नानांना एक खूळ होतं. बाकीचे वकील जमिनीच्या आणि वारशाच्या केसेस घ्यायचे, नाना घ्यायचे नासकं खाऊन आजारी पडलेल्यांच्या! खोलीत सगळे त्यांना तोंडावर 'जुलाबवकील' म्हणत. नाना चिडत नसत. म्हणत, "चोरानं घरातलं भांडं नेलं तर कायदा धावत येतो. दूधवाल्यानं घरातलं माणूस नेलं तर कायदा विचारतो, आधीपासून आजारी होतं का!"

त्या बहुतेक केसेस आम्ही हरलो. आज सांगतानाही माझं डोकं तापतं. आणि एका केसमध्ये तर नासकं दूध ज्याचं तो मिशीला पीळ देत हिंडत होता आणि फासाच्या दोराशी उभी होती एक तरणी पोर. तिचं नाव साळू. तिच्याकडे येतोच, पण आमचा कायदा कसा चालायचा ते आधी कळू द्या.

* * *

जुन्या जालन्यातल्या एका गल्लीत घराघरात मुदतीचा ताप शिरला. गल्लीला दूध घालणारा गवळी एकच. त्याचे हंडे कुंडलिका नदीच्या ज्या डबक्यात बुडायचे, त्याच डबक्यात खाटकाचा ओहोळ यायचा. हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं होती. नानांनी अर्जावर अर्ज करून गवळ्याचं दूध जप्त करवलं. सफाईचे दारोगा आले, बाटली भरली, लाखेचं सील ठोकलं. दूध हैदराबादला तपासायला जाणार!

बाटली निघाली कधी? दारोगांची सही झाली, मग वरच्यांची व्हायची होती, ते रजेवर. मग ईद, मग दिवाळी. शेवटी बाटली गाडीत बसली.

तिकडून रिपोर्ट आला. 'बाटलीत दही आढळले. दही खाण्यास योग्य की अयोग्य, याबद्दल विचारणा झालेली नाही.'

नाना कोर्टात उभे राहून ओरडले, "हुजूर, त्या दुधाचंच दही झालंय!"

साहेब खूश झाले. म्हणाले, "फिर तो दूध अच्छा ही था, वकीलसाब. खराब दूध का दही जमता ही नहीं. हमारी अम्मी हमेशा बोलती थीं."

केस खारीज! त्या गल्लीत एका घरात दोन खाटा रिकाम्या झाल्या होत्या आणि इकडे साहेबांच्या अम्मींच्या साक्षीवर निकाल लागला. त्या अम्मींची उलटतपासणी कोण घेणार?

* * *

मग तालमीचं प्रकरण. आमच्याकडे पहिलवान म्हटला की त्यानं दूध धारोष्णच प्यायचं, म्हशीच्या कासेखालून थेट तोंडाशी. तापवलं की त्यातली ताकद जाते म्हणे! एका तालमीच्या उस्तादानं पोरांसाठी नवी म्हैस आणली. म्हैस आधीच खंगलेली, पण स्वस्तात मिळाली. आठवडाभरात सगळी तालीम आडवी. एकेकाचे गाल आत गेले, मांड्या वाळल्या. एका पहिलवानाची आई रडत नानांकडे आली, म्हणाली, "उस्तादाला जाब इचारा."

नानांनी फिर्याद तयार केली. साक्षीदार म्हणून तिचाच मुलगा. गडी पिंजऱ्यात आला तो कठड्याला धरून.

"दूध प्यायल्यावर काय झालं?" नानांनी विचारलं.

"काय न्हाई."

"अरे, पंधरवडा अंथरुणावर होतास ना?"

"आराम करून राह्यल्तो."

"आज उभं तरी राहता येतंय का तुला?"

"एकदम बराबर हाय," असं म्हणाला आणि मटकन खाली बसला!

बाहेर आल्यावर नानांनी त्याला लिंबाखाली गाठलं. पोरगं रडकुंडीला आलं होतं. "वकीलसाहेब, दुधानं पाडलं असं सरकारी कागदावर आलं, तर उद्या आखाड्यात माझ्याशी जोड कोन धरल?"

उस्ताद सुटला. जाताना नानांच्या पाया पडून गेला वर! त्या पोरानं कुस्ती पुन्हा काही धरली नाही. हातात जीवच उरला नव्हता त्याच्या.

* * *

राजूरचा किस्सा तर आमच्याच खोलीत घडला म्हणायचा. जालन्याचं एक कुटुंब अंगारकीला राजूरच्या गणपतीला गेलं. तिथंच दुकानातून पेढे घेतले, देवापुढे ठेवले, मग सगळ्यांनी खाल्ले. परतताना अख्खी बैलगाडी ओकत आली. घरातली लेकुरवाळी सून तर मरता मरता वाचली.

दुकानदारानं वकील दिला तात्यांना. तात्या आमच्याच बाकावर बसायचे, नानांच्या डब्यातलं लोणचं खायचे. पण डोकं असं तिरकं, की सरळ रस्ता दिसला तरी ते बोळातून जायचे.

तात्या कोर्टात उभे राहिले. "हुजूर, माझ्या अशिलानं पेढे विकले ते नैवेद्यासाठी. म्हणजे गिऱ्हाईक कोण? देव! या मंडळींनी खाल्ला तो प्रसाद. प्रसाद देवानं दिला, माझ्या अशिलानं नाही. आता ज्याला माल विकला, त्या देवाची काही तक्रार आहे का?"

साहेब घाबरले. मजहबी मामला! देवाधर्माच्या भानगडीत हात घालून आपली बदली कोण ओढवून घेईल? त्यांनी घाईघाईनं कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "अगला."

नाना खोलीत येऊन टेबलावर हात आपटत म्हणाले, "तात्या, लाज वाटत नाही? बाई मेली असती ती!"

"कायद्याचा मुद्दा होता, नाना," तात्या शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं खूश होऊन तात्यांना पेढ्यांचा मोठा पुडा पाठवला. सगळी खोली तात्यांकडे बघत बसली. तात्यांनी पुडा उचलला, बाहेर लिंबाखाली बांधलेल्या कुणाच्या तरी गायीपुढे ठेवला आणि आत येऊन बसले. म्हणाले, "देव सोसेल, आपल्याला नको!"

गायीनंही वास घेऊन तोंड फिरवलं.

* * *

तर अशा त्या कायद्यापुढे साळू आली.

गाव वडीगोद्रीच्या पलीकडचं. घरात वर्षश्राद्ध होतं. धाकटी सून साळू, तिनं पहाटेपासून चुलीपुढे बसून खीर केली. पंगत बसायच्या वेळी माणसं वाढली, खीर पुरेना. तेव्हा गावच्या पोलीस पाटलाच्या घरून चरवीभर निरसं दूध आलं. साळूचा थोरला दीर वाढायला होता. त्यानं ते न तापवता तसंच खिरीत ओतलं, डावानं ढवळलं आणि पंगतीला वाढलं. दिवस मावळायच्या आत खाणारे सगळे अंगणात लोळत होते. चुलतसासरा म्हातारा होता, तो गेला.

आता ऐका, म्हणजे तुमचंही डोकं फिरेल! ते दूध पोलीस पाटलाच्या ज्या म्हशीचं, तिची कास सुजलेली होती. तिचं दूध त्याच्या घरात कुणी पीत नव्हतं, म्हणून तर एवढं मोठं मन करून पंगतीला दिलं! दूध पाठवून स्वतः परगावी निघून गेला. आणि परत आल्यावर ठाण्यात पहिली खबर देणारा कोण? हाच पोलीस पाटील! 'धाकट्या सुनेने खिरीत जहर घातले.' आधार काय? खीर तिनं केली आणि तिनं खाल्ली नाही. ती धडधाकट आहे, म्हणजे तिला ठाऊक होतं.

पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, आले आणि साळूला घेऊन गेले. तिचा बाप किसन, साधा शेतकरी, डोक्यावरचा पटका हातात घेऊन नानांच्या दारात उभा राहिला. "पोरीला खुनी म्हनून राह्यले, साहेब. औरंगाबादला धाडनार म्हन्त्यात. तिथून कोन माघारी आल्तं का कधी?"

खरं होतं त्याचं. जालन्याच्या मॅजिस्ट्रेटसमोर आधी चौकशी व्हायची. पुरावा आहे असं त्यांना वाटलं की केस औरंगाबादला सेशनला. तिथं खुनाला काय मिळतं ते सांगायला नको.

नाना आणि मी हवालातीत गेलो. साळू भिंतीला टेकून बसली होती. नानांनी सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, "बाई, सगळे हेच विचारणार. खीर तू केलीस, मग तू का नाही खाल्लीस?"

साळूनं नानांकडे असं पाहिलं, की हा माणूस कुठल्या मुलखातून आलाय!

"आमाला कुठून?" ती म्हणाली.

 बाहेर येऊन नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि ते झपाझप कोर्टाकडे चालू लागले.

* * *

चौकशी सुरू झाली. मॅजिस्ट्रेट नवे आले होते, हैदराबादचे. कमी बोलायचे, पान मात्र सारखं तोंडात. पुरुष साक्षीदार एकामागून एक आले, खाल्लं म्हणाले, ओकलो म्हणाले, गेले. दिरानं दूध ओतल्याचं कबूल केलं. पण पोलीस पाटलाचं नाव निघताच त्याचा आवाज इतका खाली गेला की मुन्शीला दोनदा विचारावं लागलं.

मग सासू आली. पदर पुढे ओढून, सुनेकडे न बघता.

नानांनी विचारलं, "बाई, तुम्ही खीर खाल्ली?"

"न्हाई."

"थोरल्या सुनेनं?"

"न्हाई."

"घरात लेक आली होती श्राद्धाला, तिनं?"

"तिनंबी न्हाई."

"म्हणजे घरातल्या एकाही बाईनं खाल्ली नाही आणि एकही बाई आजारी पडली नाही?"

"न्हाई पडली."

नाना गर्रकन साहेबांकडे वळले. "हुजूर! न खाणं हा गुन्हा असेल, तर तो या घरातल्या प्रत्येक बाईनं केलाय. मग एकटी साळूच पिंजऱ्यात का?"

कोर्टात कुजबुज झाली. मला वाटलं, जिंकलो! तात्यासुद्धा मागच्या बाकावरून मान डोलवत होते.

तेवढ्यात अमीन उठले. सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "हुजूर, वकीलसाब बिलकुल सही फरमा रहे हैं. थोडी मोहलत दीजिए. बाकी औरतों को भी गिरफ्तार कर लाता हूँ!"

सासू तिथंच भोवळ येऊन पडली. आणि सांगतो, ते अमीन हसत नव्हते. तो माणूस मनापासून बोलत होता.

* * *

दुसऱ्या तारखेला साहेबांनी स्वतःच प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट अडकली होती. इतकी खीर केली, मग बायकांसाठी उरली कशी नाही? काहीतरी काळंबेरं असलंच पाहिजे!

साळूच्या नवऱ्याला पुढे बोलावलं. दांडगा गडी, पण बायकोकडे बघायची हिंमत नव्हती.

"तुझी बायको त्या दिवशी काय जेवली?" साहेबांनी मुन्शीमार्फत विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"एरवी काय जेवते?"

नवरा गोंधळला. "आमी जेवून रानात जातो, साहेब. मंग ती जेवत आसंल. काय उरलं आसंल ते."

"कधी पाहिलं नाहीस?"

"बायामानसाच्या ताटात कोन बघतं?"

साहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. मग साळूला विचारलं, "खीर उरली असती, तर खाल्ली असतीस?"

साळूनं आधी खरंच विचार केला. मग म्हणाली, "उरली आसती तर सासूबाईनं झाकून ठिवली आसती. सांजच्याला मामंजीला लागती."

मुन्शी लिहायचा थांबला.  साहेबांनी त्या भरलेल्या कोर्टाकडे पाहिलं. पेशकार, शिपाई, अमीन, आम्ही सगळे वकील, दाराशी उभी गावकरी मंडळी, एकजात पुरुष. साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "इस कमरे में कोई एक मर्द है, जिसको मालूम हो कि कल उसके घर की औरतों ने क्या खाया?"

अमीन बुटांकडे बघत होते. तात्या खिडकीबाहेर. मी वरच्या पंख्याच्या दोरीकडे. नाना उभ्याउभ्या हातातले कागद चाळत होते. 

साहेबांनी मान डोलावली, लेखणी उचलली आणि एका ओळीत हुकूम लिहिला. पुरावा नाही. मुलजिमा, म्हणजे आरोपी बाई, रिहा.

किसन दाराशीच खाली बसला आणि पटक्यात तोंड घालून रडला.

* * *

आणि पोलीस पाटील? नानांनी त्याच आठवड्यात त्याच्यावर फिर्याद ठोकली. नासकं दूध देऊन माणूस मारला आणि वर खोटी खबर दिली. म्हशीची तपासणी व्हावी अशी मागणी केली. चौकशीचा हुकूम निघाला, फिरत फिरत गावात पोचला आणि तसाच फिरत फिरत परत आला. खाली शेरा होता : 'सदर म्हैस दरम्यान मयत झाली, सबब कारवाईची गरज नाही.'

माणूस मेला तेव्हा कारवाई साळूवर. म्हैस मेली तेव्हा कारवाईच बंद! पोलीस पाटील पुढेही पोलीस पाटीलच राहिला आणि पंगतींना दूध देत राहिला.  

* * *

साळू सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी नानांच्या घरी जेवण होतं. किसन लेकीला माहेरी नेणार होता, पण नाना म्हणाले, जेवल्याशिवाय जायचं नाही. आमची सगळी वकीलखोली आली. तात्या तर सगळ्यांच्या आधी!

नानांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्यांनी बासुंदी केली होती. दूध आपल्या डोळ्यांसमोर काढून आणलेलं, सकाळपासून मंद आचेवर आटवलेलं. नाना प्रत्येकाला सांगत होते, "निर्धास्त खा! या घरात निरसं दूध ताटापर्यंत येत नाही." किसनलाही आमच्या पंगतीत पाटावर बसवलं. साळू आत वहिनींच्या हाताखाली वाढायला लागली होती.

काय जेवलो त्या दिवशी! नाना रंगात आले होते. कोर्टातला एकेक प्रसंग पुन्हा करून दाखवत होते. सासूचा जबाब, अमीनांचा सॅल्यूट, साहेबांचा तो शेवटचा प्रश्न. "अरे, एकालाही उत्तर देता आलं नाही!" असं म्हणून मांडीवर थाप मारत होते. तात्यांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, वकीलसाहेबांना अजून वाढा, त्यांनी जीव वाचवलाय!" साळू आली, पातेलं वाकडं करून डावानं खरवडलं आणि नानांच्या वाटीत घातलं.

हात धुवून आम्ही ओसरीवर पानं लावत बसलो. आतून भांड्यांचा आवाज आला, मग थांबला. दाराच्या चौकटीत वहिनी येऊन उभ्या राहिल्या. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात बासुंदीचं रिकामं पातेलं. त्यांच्यामागे साळू.

वहिनी म्हणाल्या, "अहो वकीलसाहेब, आता तुमच्यातलं कुणी आजारी पडलं, तर आम्हा दोघींचं वकीलपत्र कोण घेणार?"